गच्चीवरची दुर्बीण : दिसलं तेवढंच

प्रकल्प: १३० मिमी आरशाच्या घरगुती दुर्बिणीतून नवख्या माणसाला खरोखर काय दिसतं, याची नोंदवही. नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५.
जागा: पुणे, सोसायटीची गच्ची (किल्ली सेक्रेटरींकडे, रात्री अकराच्या आत परत). एक रात्र सातारा जिल्ह्यात, आईच्या माहेरी.
माणसं: मी, नववीतली लेक, कधी आई, आणि एकदा अख्खी सोसायटी.
नियम एकच: दिसलं तेवढंच लिहायचं. दिसायला हवं होतं ते लिहायचं नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

नवा मोबाइल घ्यायचे पैसे दुर्बिणीत गेले. १३० मिमी आरसा, ६५० मिमी केंद्रांतर, टेबलावर ठेवायची, हाताने वळवायची ठेंगणी डॉब्सोनियन. सोबत २५ आणि १० मिमीचे दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं), म्हणजे २६ पट आणि ६५ पट. दुप्पट करणारं बार्लो भिंग वेगळं घेतलं, त्यामुळे १३० पटीपर्यंत जाता येतं. घेताना दुकानात शेजारच्या खोक्यावर पाचशे पटीच्या वरचा आकडा ठळक छापलेला पाहिला. ती दुर्बीण माझ्या दुर्बिणीपेक्षा लहान होती. आरशाच्या दर मिमीला फार तर दोन पट मोठेपणा, यापुढे नुसता गढूळ गोळा मोठा होत जातो. हा साधा हिशेब तिथे कोणी सांगत नाही.

सकाळी सूर्याकडे पाठ करून नेम धरायचा लाल ठिपक्याचा फाइंडर जुळवला. सिंहगडावरचा मनोरा आयपीसच्या मधोमध आणला आणि ठिपका त्यावर बसवला. मनोरा उलटा दिसला. लेक म्हणाली, "बाबा, बिघडलेली आली." नाही, आरशाच्या दुर्बिणीत असंच दिसतं. आकाशात वर-खाली नसतंच, त्यामुळे काही अडत नाही.

दुर्बीण प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवली होती. फोकसला हात लावला की चंद्र थयथयाट करायचा. शेवटी आईच्या जुन्या शिलाई मशिनचा लोखंडी सांगाडा वर चढवला. तो चढवताना जे बोललो ते इथे लिहीत नाही. पण आता हलत नाही.

आज शुक्ल पक्षातली अर्धी कोर. उजेड आणि अंधार जिथे भेटतात त्या रेषेवर अ‍ॅपेनाइन पर्वतांची रांग. रेषेच्या पलीकडे, अंधारात, सुटे उजेडाचे कण दिसले. लेकीला वाटलं, भिंगावर धूळ आहे. ती शिखरं होती, सुमारे पाच किमी उंच. पायथ्याशी अजून रात्र होती आणि माथ्यावर ऊन पडलेलं. हे फोटोत शंभरदा पाहिलं असेल, पण धूळ म्हणून पुसायला निघावं इतकं खरं कधी वाटलं नव्हतं.

मग शनी, दक्षिणेला चांगला वर. ६५ पट. नोंद: "कडं दिसलं. कॅसिनीची, म्हणजे कड्यांमधली काळी फट दिसली. एक चंद्र."

११ नोव्हेंबर

चंद्रावरचं कोपर्निकस विवर. ९३ किमी रुंद, म्हणजे पुणे ते सातारा सरळ रेषेत मोजलं तर साधारण तेवढं. आतल्या उतारावर पायऱ्या, मधोमध टेकड्या. लेकीने पेन्सिलीने काढलं. मीही काढलं, पण माझं इडलीपात्रासारखं दिसतंय.

ती चित्र काढायला वीस मिनिटं लावते. पहिल्या पाच मिनिटांत जे दिसत नाही ते पंधराव्या मिनिटाला दिसायला लागतं, असं तिचं म्हणणं. मी दोन मिनिटांत उठतो आणि "पाहिलं" म्हणतो.

१२ नोव्हेंबर

तिने शनीही काढला. मोत्यातून आरपार सुई गेलीय, असं चित्र. फट नाही. मी म्हटलं, "फट राहिली की." ती म्हणाली, "नव्हतीच."

वाचून पाहिलं. सध्या शनीची कडी पृथ्वीकडे जेमतेम पाच अंश कललेली आहेत. २३ मार्चला ती बरोबर कडेवर येणार, म्हणजे पृथ्वीवरून जवळपास नाहीशी. दर सुमारे पंधरा वर्षांनी हे घडतं, मागच्या वेळी २००९ मध्ये झालं होतं. इतक्या कमी कलात ६५ पटीला माझ्या दुर्बिणीतून ती फट दिसणं शक्य नाही. मग ९ तारखेला मी काय पाहिलं? लहानपणी पुस्तकात पाहिलेलं चित्र.

९ तारखेची ओळ खोडली. खोडलेली दिसेल अशीच ठेवली आहे. वरचा नियम त्या नोंदीनंतरचा आहे, हे इथे कबूल करतो.

१९ नोव्हेंबर

उद्या मतदान. समोरच्या चौकात फ्लडलाइट. काही नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार, मामाच्या गावी

अमावास्या परवावर आली आहे, चंद्राचा उपद्रव नाही. खळ्यात शिलाई मशीन नव्हतं, तेव्हा बैलगाडीच्या जुन्या चाकावर दुर्बीण ठेवली. ती एकदम पक्की बसली.

अंधारात आधी वीस-पंचवीस मिनिटं नुसतं बसायचं, मोबाइल खिशात. डोळ्याची बाहुली लगेच मोठी होते, पण पडद्याची संवेदना हळूहळू वाढते आणि एक पांढरा झोत सगळं पाण्यात घालवतो. मामांनी मध्येच बॅटरी लावून विचारलं, "चहा?" पुन्हा वीस मिनिटं.

नऊच्या सुमारास देवयानी दीर्घिका उत्तरेला उंचावर. नुसत्या डोळ्यांनी पुसट डाग. २६ पटीत लांबट, राखाडी, मध्ये जरा उजळ, कडा कुठे संपतात ते कळत नाही. एवढंच. मामांनी डोळा लावला. "हे काय?" मी सांगितलं, २५ लाख प्रकाशवर्षं दूर, आपल्या आकाशगंगेसारखीच एक. ते परत वाकले, परत उठले. "म्हंजे तुमाला म्हाईत हाय म्हणून बघायचं." अगदी तसंच. फोटोतल्या गुलाबी-निळ्या सर्पिलाची अपेक्षा ठेवून आलेल्याची इथे निराशाच होणार. फोटो तासन् तास उजेड साठवतो, डोळ्याला तसं साठवता येत नाही.

एक युक्ती मात्र उपयोगी पडली. सरळ पाहायचं नाही, जरा बाजूला पाहायचं. फिकट उजेड ओळखणाऱ्या पेशी नजरेच्या मध्यबिंदूवर नसतात, कडेला असतात. तिरक्या नजरेने डाग जवळजवळ दुप्पट लांब झाला. मामांना हे पटकन जमलं. रात्रीच्या लायटीवर उसाला पाणी देणाऱ्या माणसाला बांधावरचं जनावर कडेच्या नजरेनेच दिसतं, म्हणाले.

कृत्तिका २६ पटीत पूर्ण मावल्या. निळसर पांढरे, टोचणारे तारे, आयपीसभर. इथे मामांनी दाद दिली. जास्त मोठेपणा लावला तर उलट मजा जाते, गुच्छ चौकटीबाहेर सांडतो. नवख्यांना हेच आधी सांगायला हवं. लहान आकडा, जास्त आकाश.

आई शाल घेऊन बाहेर आली तेव्हा मृग पूर्वेला चांगला वर आला होता. तिच्या तोंडी मृग नाही, ती "तिकांडं" म्हणते. मधले तीन तारे म्हणजे व्याधाचा बाण. तिच्या लहानपणी घड्याळ फक्त पाटलांकडे होतं. या दिवसांत तिकांडं डोक्यावर आलं की रात्रीचा दीड वाजलेला असतो. मी मोबाइलच्या ॲपवर ताडून पाहिलं, बरोबर निघालं. पांढरा झोत लावला म्हणून लेक ओरडली.

बाणाखाली लोंबणाऱ्या तीन पुसट ठिपक्यांतला मधला, मृगातला तेजोमेघ. ६५ पट. राखाडीत किंचित हिरवट छटा, पंख पसरल्यासारखा, एका बाजूला काळी खाच. आत अगदी जवळजवळ चार तारे, चौकोनी टेकू लावल्यासारखे. सुमारे १३०० प्रकाशवर्षं दूर. या चारांच्या उजेडानेच तो मेघ पेटलेला आहे. या हिवाळ्यात एकच गोष्ट पाहायची असेल तर ही. शहरातूनही दिसतो, फक्त पंख आखूड होतात.

३ डिसेंबर

ढग. बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळाचे ते इथपर्यंत आलेत. कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आणायचं काम, करून घेतलं. गावाहून येताना गाडीत दोन्ही आरसे जागचे हलले होते. औषधाच्या बाटलीच्या प्लास्टिकच्या झाकणाला बरोबर मधोमध भोक पाडलं, ते आयपीसच्या जागी बसवलं आणि भोकातून पाहत मागचे तीन स्क्रू पाव-पाव आटा फिरवले. सगळी वर्तुळं एकात एक बसली की झालं. पहिल्यांदा दीड तास लागला. याची भीती घालणारे व्हिडिओ बरेच आहेत, पण हे काम सायकलची चेन चढवण्याइतकंच आहे.

१० डिसेंबर

गुरूची प्रतियुती (पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर समोर येणं) ७ तारखेला होऊन गेली. तीन दिवसांनी काही बिघडत नाही. अंतर सुमारे ६१ कोटी किमी. तो उजेड चौतीस मिनिटांपूर्वी निघालेला.

साडेआठला पाहिलं तर गुरू उकळत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखा. दोष दुर्बिणीचा नव्हता, स्लॅबचा होता. दिवसभर तापलेली गच्ची रात्री ऊन ओकत असते. आरसाही घरातून आणल्यावर अर्धा-पाऊण तास गार व्हायला हवा. दहा वाजता पुन्हा लावली, तेव्हा दोन तपकिरी पट्टे स्पष्ट, १३० पटीला. गुरूचे चंद्र एका रेषेत. तासा-दीड तासात आतल्या चंद्राची जागा सरकलेली, दोघांच्या चित्रांत वेगवेगळी मोजून पाहिली.

गुरूवरचा मोठा लाल डाग: दिसला नाही. लेकीलाही नाही. वाकून वाकून पाहिलं. एका क्षणी "आहे" असं वाटलं, लिहिलं नाही.

ग्रह सारखा निसटतो. १३० पटीत आकाशाचा तुकडा जेमतेम ०.४ अंशाचा, पृथ्वी मिनिटाला पाव अंश फिरते. दीड मिनिटात गुरू चौकटीबाहेर. हाताने सरकवत राहायचं. दोन दिवसांत हात आपोआप चालायला लागतो, पोळी लाटताना चालतो तसा.

७ जानेवारी २०२५

आज मुद्दाम गुरू. ७ जानेवारी १६१० या रात्री गॅलिलिओने पाडुआत गुरूशेजारी तीन "तारे" टिपले. त्याची दुर्बीण वीसेक पटीची, माझ्या स्वस्तातल्या आयपीसपेक्षाही कमी पटीची. दुसऱ्या रात्री तिन्ही एकाच बाजूला. ९ तारखेला ढग. (त्याच्याकडेही!) १३ तारखेला चौथा सापडला. यातूनच ते तारे नाहीत, गुरूभोवती फिरतात, हे उमगलं.

मला त्याच्या शनीची गोष्ट जास्त आवडते. त्याच वर्षी त्याने शनी तीन गोळ्यांचा जोडलेला असा टिपला. १६१२ मध्ये बाजूचे दोन्ही गोळे गायब. कडी तेव्हा कडेवर आली होती, आत्ता येताहेत तशीच. त्याला कारण माहीत नव्हतं, तरी गायब झाले असंच लिहिलं. कडं आहे हे हायगेन्सने सांगितलं, त्याला आणखी चाळीसेक वर्षं लागली. आणि मी, कडं आहे हे माहीत असलेला, नसलेली फटही लिहून मोकळा झालो होतो.

आज चंद्रही अर्धा. लेकीने दुसऱ्यांदा काढला. नोव्हेंबरचं चित्र शेजारी ठेवलं तर कडेचे डाग किंचित सरकलेले. तिला वाटलं, तिचं चुकलं. चंद्र जरासा डोलतो, कधी एक कड थोडी जास्त दाखवतो, कधी दुसरी. आमच्या वहीत ते आलं, हे मला अजून खरं वाटत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

काल पौर्णिमा होती. पूर्ण चंद्र दुर्बिणीतून निरर्थक. सावल्याच नाहीत, सगळं चुना फासल्यासारखं, डोळा दिपतो तो वेगळा. तरी शेजारचे दर पौर्णिमेलाच विचारतात, "आज दाखवा ना."

चंद्राजवळच मंगळ. पृथ्वीच्या सर्वांत जवळ परवा येऊन गेला, ९.६ कोटी किमी. १६ तारखेला प्रतियुती. वाचायला भव्य, पाहायला हरभऱ्याची डाळ. गुरूच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान.

आज पद्धत बदलली. मी पाहिलं, काढलं, वही बंद. मग लेकीने पाहिलं, काढलं. आधी एक शब्दही बोलायचा नाही. नंतर दोन्ही चित्रं एकत्र उघडली. दोघांच्याही चित्रात नारिंगी तबकडीच्या एकाच कडेला पांढरट ठिपका. उत्तर ध्रुवाचं बर्फ आणि ढग. मधला काळसर डाग माझ्यात आहे, तिच्यात नाही. तो नोंदीत धरला नाही. ठिपका धरला.

तिळगूळ खाल्लेल्या बोटाने आयपीस धरला, काच चिकट झाली. पुसायची नाही, आधी फुंकणीने धूळ उडवायची, मग ओल्या कापसाने हलकेच टिपायची. हे मी शर्टाने पुसल्यावर वाचलं.

१८ जानेवारी

संध्याकाळी पश्चिमेला शुक्र आणि शनी जवळजवळ, सव्वादोन अंश. माझ्या सगळ्यात रुंद आयपीसमध्ये दोन अंश मावतात. पाव अंशासाठी दोघांचा एकत्र फोटो हुकला. शुक्र बरोबर अर्धा, सुरीने कापलेल्या लिंबासारखा. शनीचं कडं आता सुई नाही, केस.

२५ जानेवारी, शनिवार

आठवडाभर व्हॉट्सॲपवर "आज सगळे ग्रह एका रांगेत, शेकडो वर्षांतून एकदा". सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी माझं नाव टाकलं. सात वाजता गच्चीवर पस्तीस-चाळीस माणसं, दोन पाळणे, एक भेळ.

"रांग कुठाय?"

पश्चिमेला शुक्र, त्याखाली शनी, डोक्यावर गुरू, पूर्वेला मंगळ. रांग आहे, पण या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत. सगळे ग्रह जवळजवळ एकाच पातळीत फिरतात, त्यामुळे आकाशात ते नेहमीच आयनिकवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या वाटेच्या, कडेकडेने सापडतात. चार एकाच संध्याकाळी दिसणं छान आहे, पण अजून कितीतरी दिवस दिसणार आहेत. हे सांगितल्यावर दोघे-तिघे खाली गेले. फसवलं गेल्यासारखा चेहरा, आणि फसवणारा मी.

बाकीच्यांना आधी गुरू दाखवला. रांग लावून, प्रत्येकी अर्धं मिनिट. सगळ्यांना "दिसलं" म्हणायची घाई. एका काकांनी "वा, सुंदर" म्हटल्यावर पाहिलं तर गुरू केव्हाच चौकटीबाहेर गेला होता. त्यांना दोष देत नाही. मी फट पाहिली होती.

लेकीने मग कागद वाटले. पाठीमागे जुनं लाइटबिल छापलेले कागद, दहा-बारा पेन्सिली. जे दिसलं ते काढा, नाही दिसलं तर "नाही" लिहा. एका सहा वर्षांच्या पोराने गुरू काढला आणि शेजारी चार ठिपके मांडले. पट्टे नाहीत. खाली मोठ्या अक्षरात "पटे नाही". त्याच्या आईने "अरे, असतात ते, काढ" म्हटलं. तो काढेना.

तो कागद वहीत चिकटवलाय.

२७ जानेवारी

दहा दिवसांपूर्वी पुनर्वसूचे दोन तारे आणि मंगळ जवळपास एका ओळीत आले होते. (ती रांग खरी, पण फॉरवर्ड कोणी केली नाही.) आज दोन ताऱ्यांपैकी उत्तरेकडचा १३० पटीत फुटला, एकाचे दोन, मध्ये केसाएवढं अंतर. हवा स्थिर असेल त्या क्षणीच. दहा मिनिटांत तीन-चारदा.

१५ फेब्रुवारी

शुक्र इतका प्रखर की गच्चीच्या कठड्यावर अंधुक सावली पडते का ते पाहिलं. पुण्यात नाही पडत. दुर्बिणीत मात्र स्पष्ट कोर. सूर्य आणि आपण यांच्या मध्ये तो येतोय, म्हणून तबकडी मोठी आणि कोर बारीक होत चालली आहे. पूर्ण अंधारात कोर फुटते, डोळा दिपतो. सूर्य मावळल्यावर लगेच, आकाश अजून निळं असताना पाहिली की कडा नीट येतात. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बीण पश्चिमेला वळवायची नाही, हे लेकीला चारदा सांगितलं. पाचव्यांदा तिने मला सांगितलं.

१ मार्च, शनिवार

काल पहाटे अमावास्या संपली. सात वाजता पाण्याच्या टाकीच्या बाजूला चंद्राची नखभर कोर, तिच्या जरा वर शुक्र. आई आज वर आली. गुडघे दुखतात म्हणून खुर्ची आणली, सांगाड्यावरची दुर्बीण तिच्या डोळ्यापर्यंत खाली केली.

काही न सांगता ६५ पटीत शुक्र लावला. इतक्या मोठेपणात त्याची कोर नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चंद्रापेक्षाही मोठी दिसते.

आईने पाहिलं. बराच वेळ पाहिलं, पंधराव्या मिनिटाची वाट पाहत असल्यासारखं.

"चंद्र बारीक झालाय," म्हणाली.

मग डोकं वर केलं, टाकीशेजारचा चंद्र पाहिला, दुर्बीण कुठे रोखलीय ते पाहिलं, आणि परत वाकली.

लेकीने विचारलं, "आजी, काढणार?" आणि पेन्सिल पुढे केली. आजीने चष्मा मागितला.